उम्म अल कुवैनची घोडी

बोट थांबली तेव्हा समोर बंदर असे काही नव्हतेच. हिरवट पाणी, त्यापलीकडे वाळूची बारीक पिवळी रेघ आणि त्या रेघेवर उभे असलेले मातकट चौकोनी मनोरे. मुंबई सोडल्यावर कराची झाले, मस्कत झाले. मस्कतला निदान काळे डोंगर तरी सामोरे आले होते. इथे डोंगर नाहीत, झाडे नाहीत. कठड्याशी माझ्या शेजारी उभी असलेली रत्नागिरीकडची एक म्हातारी मात्र माहेर दिसावे तशी हसली आणि म्हणाली, "आली दुबय."

पाणी उथळ असल्याने बोट दूर समुद्रातच नांगर टाकते. दोराच्या शिडीवरून खाली हिंदकळणाऱ्या पडावात उतरायचे. लुगड्याचा काष्टा घातलेल्या बायका सुखाने उतरल्या. माझी पाचवारी साडी शिडीच्या गाठीत अडकली आणि वरून-खालून सल्ल्यांचा वर्षाव झाला. माझ्यामागून औषधांची पेटी दोराने सोडली. ती पाण्याला टेकून वर आली. आत काचेच्या बाटल्या होत्या.

धक्क्यावर इस्माईल परकार मला न्यायला आले होते. मूळचे हर्णैजवळचे, आता दुबईत जव, पेंड आणि लाकडाचे व्यापारी. मी समोर जाऊन उभी राहिले तरी ते माझ्या खांद्यावरून मागेच बघत होते.

"परकारसाहेब, मी पुण्याहून आले."

"हां हां, वेलकम. डॉक्टरसाब पाठीमागं आहेत काय?"

"डॉक्टर मीच."

पुण्यात मी घोड्यांची डॉक्टर आहे. यायचे होते ते आमचे वरिष्ठ डॉक्टर. पण ऐन वेळी त्यांना अंथरूण धरावे लागले आणि त्यांनी तार करून मला पाठवल्याचे कळवले. इंग्रजी तारेला लिंग नसते. परकारांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"बरंच झालं की बाई! उम्म अल कुवैनची घोडी बायकांच्या अंगणात राहते. पुरुष डॉक्टर असता तर परमिशन घ्यायची पंचाईत. यल्ला, चला."

त्यांचे घर खाडीच्या काठी, देरा भागात. घराच्या डोक्यावर बरजील (वारा पकडून खाली खोलीत सोडणारा मनोरा). मी बोटीवरून जे मनोरे पाहिले ते हेच. त्याच्याखाली चटईवर बसले की उन्हाळी दुपारीही अंगावर झुळूक येते म्हणतात. मी गेले तेव्हा फेब्रुवारी सरत होता आणि हवा आपल्या दिवाळीसारखी होती. परकारांच्या पत्नी हलीमाभाभींनी तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातली सुरमई वाढली. सातआठ वर्षांच्या त्यांच्या मुलीला मी मराठीत नाव विचारले, तर ती इंग्रजीत नाव सांगून पळाली. "मुंबईत मामाकडे राहून अशी झाली," भाभी म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात कौतुक होते.

जेवताना परकारांनी काम समजावून सांगितले. या किनाऱ्यावर इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हिवाळ्यात घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या आहेत, त्याही साध्या नव्हे, अडथळ्यांच्या. खजुरीच्या झावळ्यांची कुंपणे उभी करायची आणि त्यांवरून उड्या घेत लांबचा पल्ला मारायचा. इंग्रजांचे घोडे उंच, परदेशातून आणलेले. इथल्या लोकांचे घोडे अरबी, बुटके, पण चिवट. यंदाच्या हिवाळ्यात सगळ्यांना चकित करून उम्म अल कुवैन गावची एक घोडी पहिली आली होती. पुढच्या हिवाळ्यात शर्यत मोठी होणार, कुंपणे उंच होणार, सगळ्या किनाऱ्यावरून लोक येणार.

"इथला उन्हाळा म्हणजे भट्टी," परकार म्हणाले. "घोडं इथंच राहिलं तर खलास. म्हणून फुजैराकडं, डोंगराच्या पलीकडं खजुरीच्या बागा आहेत, गोड पाणी आहे, तिथं इथल्या लोकांचे दोन घोडे ठेवायची सोय मी केली आहे. दोनच. कोणते दोन, ते तुम्ही सांगायचं. लोकांनी मान्य केलंय, हिंदचा डॉक्टर सांगेल ते."

"आणि मी सांगितलेलं आवडलं नाही तर?"

परकार हसले. "इन्शाल्ला आवडेल."

दुसऱ्या दिवशी खाडीच्या टोकाला, रास अल खोरला गेलो. तिथे खाडी पसरट होऊन चिखलात विरते, आणि त्या चिखलात लांब पायांचे रोहित पक्षी घोळक्याने उभे होते. दुरून वाटावे, कुणी गुलाबी लुगडी वाळत घातली आहेत. काठावर हाजी मुरादांचा तबेला. हाजी इराणकडचे, कापडाचे मोठे व्यापारी. त्यांचा घोडा बर्क (वीज) हा सगळ्या देऱ्याच्या बोलण्याचा विषय होता.

बर्क खरोखरच बघत राहावा असा होता. कुमाईत, म्हणजे तांबूस तपकिरी. छाती रुंद, पुठ्ठे भरलेले, खूर लोखंडासारखे. दात पाहिले, पाय चाचपले, दमसास ऐकला. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मग स्वार चढला आणि घोडा बदलला. कुंपण दिसताच त्याने कान मागे टाकले, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला आणि असा सुटला, की जणू कुंपण ओलांडायचे नसून त्याच्यापासून पळायचे आहे. स्वार दोन्ही हातांनी लगाम खेचत होता. उडी गेली, पण उतरताना घोड्याचे तोंड आभाळाकडे होते. पुढच्या कुंपणाला तो आणखी घाबरला.

"कैसा है?" हाजींनी हात पसरून विचारले. शेजारच्या दहाबारा माणसांनीही मान पुढे केली.

"घोडा उत्तम," मी म्हणाले. "पण त्याच्या तोंडावरचा हात जड आहे. तो कुंपणाला भीत नाही, लगामाला भितो."

परकारांनी याचे भाषांतर बरेच गोड करून केले असावे, कारण स्वारही हसला.

शारजात अधिकाऱ्यांचे घोडे पाहिले. त्यांतला एक उंच तांबडा घोडा नि:संशय पहिल्या प्रतीचा होता. उडीत डौल, श्वासात घाई नाही. त्याच्या मालकाने, एका तरुण कप्तानाने, मला चहा पाजला आणि पुढच्या वर्षीचा मार्गही दाखवला. मिठागरासारख्या खारवट सपाटीवर खुंट्या ठोकून आखणी झाली होती. यंदा घोडे डाव्या वळणाने धावले होते. पण दुपारचे ऊन स्वारांच्या डोळ्यांवर येते म्हणून पुढच्या वर्षी मार्ग उलटा, उजव्या वळणाचा असेल, असे तो म्हणाला. मी ते लक्षात ठेवले. घोड्यांना उजवी-डावी आवड असते. एकीकडे सहज वळणारा दुसरीकडे अडखळतो.

उम्म अल कुवैनला रस्ता नाही. ओहोटीच्या वेळी समुद्राच्या ओल्या वाळूवरून जीप हाकायची, आणि जिथे वाळू मऊ तिथे आत वळून सबख्यावरून (खाऱ्या सपाटीवरून) जायचे. वरून कोरडा दिसणारा सबखा आत शिऱ्यासारखा असतो हे आम्हाला चाके रुतल्यावर कळले. परकार उतरले, पायघोळ अंगरखा वर खोचला आणि पाहिले तर बुटांसह घोट्यापर्यंत खाली. दूरवरून दोन उंटवाले आले. त्यांनी विचारपूस केली, खुशाली विचारली, आमच्या घरच्यांची खुशाली विचारली, आणि हे सगळे यथासांग झाल्यावरच जीपला हात लावला. मला आधी राग आला. मग वाटले, रुतलेली जीप कुठे पळून जाणार होती?

उम्म अल कुवैन म्हणजे समुद्रात घुसलेली वाळूची एक जीभ. एक किल्ला, थोडी पोवळ्याच्या दगडांची घरे, बाकी अरीश (झावळ्यांच्या झोपड्या), आणि काठावर ओढून ठेवलेली मोत्यांची गलबते. त्यांतली बरीचशी पुन्हा पाण्यात जाणार नव्हती. फळ्यांमधून ऊन आरपार दिसत होते. घोडीचे मालक खलफान हे अशाच एका गलबताचे नाखुदा होते. आपल्याकडे कोकणात म्हणतात तोच नाखवा. तरुणपणी मोती विकायला मुंबईला येत, तेव्हाची हिंदी त्यांच्या तोंडी अजून शाबूत होती.

"बंबई में अभी भी ट्राम है?" पहिला प्रश्न हाच.

"गेली," मी म्हणाले.

"हमारा मोती भी गया," ते म्हणाले आणि कहवा ओतू लागले. छोट्या वाटीत दोन घोट कडू, वेलदोड्याच्या वासाचा कहवा. वाटी हलवून परत केली नाही तर पुन्हा भरतात हे न कळल्यामुळे मी बरीच प्याले.

मग त्यांनी हाक मारली आणि अंगणातून त्यांचा मुलगा सईद घोडी घेऊन आला.

तिचे नाव रीम. रीम म्हणजे वाळवंटातली पांढरी हरिणी. रंग राखी-पांढरा, मानेवर बारीक ठिपके, डोके लहान आणि कपाळ रुंद. जन्मताच तिची आई मेली, तेव्हा खलफान यांच्या आईने तिला उंटिणीच्या दुधावर आणि खजुराच्या पाण्यावर वाढवले. म्हातारी बुरखा सावरत दाराशी उभी राहून बघत होती. घोडी तिच्याजवळून जाताना थांबली, तिच्या ओढणीला नाक लावले आणि मगच पुढे निघाली. सईद विशीतला असेल. अनवाणी, सडपातळ. तो घोडीवर चढला ते मला दिसलेच नाही. खाली होता आणि मग वर होता.

गावाबाहेरच्या सपाटीवर गुडघ्यापेक्षा थोडी उंच झावळ्यांची कुंपणे रोवली होती. सईदने यंदाच्या शर्यतीसारखा डाव्या वळणाने फेरा घेतला. इतकी वर्षे मी घोडे बघते आहे. पुष्कळ घोडे उडी मारतात. ही घोडी कुंपण आले की पाऊल थोडे लांब टाकत होती, एवढेच. लगाम सैल. सईदचे ओठ हलत होते, तो तिच्याशी बोलत होता. परकार माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आता काय विचारायचं बाकी राहिलं?"

मलाही तसेच वाटले. मनात मी फुजैराच्या बागेतली एक जागा तिला देऊनही टाकली होती.

"एक फेरा उजव्या वळणाने घ्यायला सांगा," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी तसंच धावायचं आहे."

सईदने मान हलवली आणि घोडी वळवली. पहिले कुंपण सरळ होते, ते तिने ओलांडले. मग उजवे वळण आणि वळणाला लागूनच दुसरे कुंपण. तिथे ती नेहमीचे लांब पाऊल टाकायला विसरली. अगदी शेवटी दचकून तिने अंग उचलले, पुढचे पाय झावळ्यांत अडकले, ती गुडघ्यांवर आली आणि सईद तिच्या मानेवरून पुढे फेकला गेला.

खलफान धावले. सईद तोवर उठून बसला होता. खांदा खरचटला होता, ओठातून रक्त येत होते. तो पहिल्यांदा घोडीकडे गेला. मग आमच्याकडे वळून रागाने काहीतरी बोलला. परकार म्हणाले, "तो म्हणतो, अनोळखी माणसं बघून घोडी बुजली."

"तिला आत सावलीत घ्या," मी म्हणाले. "मला तिचे डोळे बघायचे आहेत."

डोळे उन्हात तपासता येत नाहीत. अरीशमध्ये झावळ्यांवर कांबळी टाकून अंधार केला. डावा डोळा स्वच्छ होता; विजेरीचा झोत पडताच बाहुली आकसली. उजव्या डोळ्यात बाहुली आधीच बारीक होती आणि हलत नव्हती. आत खोल, ताकात नीळ पडावी तसा एक ढग होता. मी विजेरी विझवली, थोडी थांबले आणि पुन्हा पाहिले. ढग तिथेच होता.

"हिचा डोळा कधी दुखतो? पाणी येतं?"

"गर्मी में आता है," खलफान म्हणाले. "सब को आता है. रेत उड़ता है ना."

मी त्यांना सांगितले. हा वाळूचा त्रास नाही. हा रोग येतो, जातो, पुन्हा येतो, आणि दर खेपेला थोडी नजर घेऊन जातो. उजव्या डोळ्याने तिला आता दिसत नाही. डाव्या वळणावर डावा डोळा कुंपणाकडे असतो म्हणून यंदा निभावले. उजव्या वळणावर कुंपण तिला दिसेपर्यंत छातीशी आलेले असेल. आज वेग कमी होता, कुंपण बुटके होते. पुढच्या हिवाळ्यात सईदची मान मोडेल, आणि तिचीही.

खलफान यांनी घोडीच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाले, "आप बड़ा डॉक्टर है. लेकिन मैं नहीं मानता."

मला त्यांचा राग आला नाही. मी म्हटले, "तुम्ही स्वतःच बघा." त्यांच्या डोक्यावरचे फडके मागून घेतले आणि घोडीच्या डाव्या डोळ्यावर अलगद बांधले. "आता दोर धरून तिला कुंपणाकडे न्या. सावकाश. तुम्ही बाजूने चाला."

ते निघाले. घोडी क्षणभर थबकली, मग त्यांचा आवाज ऐकून चालू लागली. कुंपण जवळ आले. तिने मान उचलली नाही, पाऊल कमी केले नाही. मालक बोलावतो आहे एवढ्या भरवशावर ती सरळ चालत गेली, छातीने झावळ्यांवर आदळली आणि थरथरत उभी राहिली.

खलफान यांनी फडके सोडले. ते पुन्हा डोक्याला गुंडाळायचे त्यांना सुचले नाही. हातात तसेच धरून ते घोडीच्या मानेला कपाळ लावून उभे राहिले. सईद तोंड फिरवून समुद्राकडे निघून गेला.

म्हातारीला सांगायचे काम राहिले होते. परकार बाहेरच थांबले. आतल्या अंगणात मी, खलफान, त्यांची आई आणि घोडी, एवढेच. मी हिंदीत बोलायचे आणि खलफान यांनी अरबीत सांगायचे असे ठरले. म्हातारीने शर्यतीचे काही विचारले नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "तिला दुखतं का?"

"दुखतं," मी म्हणाले. "डोळ्याला पाणी येतं तेव्हा फार दुखतं. प्रकाश सहन होत नाही. दुसऱ्या डोळ्यालाही होईल की नाही ते आज सांगता येत नाही."

मी इतके बोलले. खलफान यांनी एकच शब्द उच्चारला. म्हातारी त्यांच्याकडे बघतही नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. तिने आपला उजवा डोळा हाताने झाकला आणि भुवई उंचावली. मी मान डोलावली. मग तिने डाव्या डोळ्याकडे बोट केले. मी दोन्ही तळवे उघडे करून दाखवले: माहीत नाही.

ती उठली. मला वाटले, आता आत जाऊन दार लावून घेईल. तिने रांजणातले पाणी घेतले, ओढणीचा काठ भिजवला, घोडीच्या उजव्या बाजूला गेली आणि आधी तिच्या खांद्यावर हात ठेवून, बोलत बोलत, मग डोळा पुसू लागली. खलफान यांनी मला विचारले, आई विचारते आहे, दवा कौनसा? पेटीतल्या सगळ्या बाटल्या सुदैवाने शाबूत होत्या. थेंब कसे घालायचे, दुपारी काळोखात कसे ठेवायचे, माश्या बसू नयेत म्हणून डोळ्यांवरून जाळीची पट्टी कशी बांधायची, हे सगळे मी दाखवले. रोग बरा होणार नव्हता. दुखणे कमी होणार होते.

यानंतर आम्ही निघून जावे असे मला फार वाटत होते. पण जेवल्याशिवाय जायची सोय नव्हती. बायकांच्या बाजूला मोठे ताट मांडले: केशरी भात, त्यावर अख्खा मासा, बाजूला लिंबू आणि सुके लिंबू घातलेली आमटी. म्हातारी माझ्या शेजारी बसली. ती स्वतः फारशी जेवली नाही. माशाचे काटे बोटांनी काढून चांगले चांगले तुकडे माझ्या बाजूला सारत राहिली. मी नको म्हटले की आणखी सारायची. ते खाणे कठीण होते, आणि न खाणे तर त्याहून कठीण.

पुरुषांच्या बाजूला मजलिसमध्ये (बैठकीच्या खोलीत) आवाज चढले होते. मध्ये फक्त पडदा, त्यामुळे ऐकू येत होते. अर्थ मला परकारांनी नंतर सांगितला. परकारांनी खलफान यांना सुचवले होते, की फुजैराची एक जागा आता हाजींच्या बर्कला जाणार आणि त्या घोड्याला हलक्या हाताचा स्वार हवा आहे. किनाऱ्यावर सईदसारखा हात कुणाचा नाही. सईद तोवर परत आला होता. तो म्हणाला, "यंदा मी हाजीला हरवलं. आता त्याच्या घोड्यावर बसू? लोक म्हणतील, उम्म अल कुवैनची घोडी संपली, म्हणून आता माणूस पाठवला." खलफान यांनाही ते पटले. आपल्या घरचा स्वार दुसऱ्याच्या तबेल्यात जाणार नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. खलास.

माझ्या शेजारची म्हातारी हे ऐकत होती. तिने हात धुतले, पडद्याजवळ गेली आणि न डोकावता, शांतपणे दोन-तीन वाक्ये बोलली. 

"काय म्हणाल्या त्या?" जीपमध्ये बसल्यावर मी परकारांना विचारले.

"म्हणाल्या, सईद, तुझा आजा बुडी मारून मोती काढायचा तेव्हा आपलं गलबत कुठं होतं? गलबत दुसऱ्याचं होतं. बुडी त्याचीच होती."

"आणि सईद काय म्हणाला?"

"उठून बाहेर गेला."

दोन दिवसांनी सईद मासळीच्या गाडीतून रास अल खोरला येऊन दाखल झाला. बरोबर खलफानही होते. हाजी मुराद आणि खलफान यांनी एकमेकांच्या नाकाला नाक लावून सलाम केला, खुशाली विचारली, आणि दोघेही बर्ककडे वळले. हाजींना आपला घोडा प्रतिस्पर्ध्याच्या हाती द्यायचा होता. खलफान यांना आपला मुलगा. दोघांचेही चेहरे सारखेच दिसत होते.

सईद बर्कवर लगेच चढला नाही. प्रथम त्याच्यासमोर गेला, हाताचा तळवा उजव्या डोळ्यासमोरून हळूच नेला, मग डाव्या. घोड्याने दोन्ही वेळा पापणी मिटली. सईदने माझ्याकडे पाहिले. त्या दिवसानंतर त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिले होते.

सुरुवात वाईट झाली. बर्क कुंपणाकडे नेहमीसारखाच उधळला आणि वाकडी उडी घेऊन चिखलापर्यंत गेला. रोहित पक्षी उडाले. लोक हसले. सईदने लगाम पार सैल सोडला, घोड्याला चालत परत आणले, कुंपणाशी उभे केले आणि झावळ्या हुंगू दिल्या. बराच वेळ तो नुसता उभा होता. हाजी अस्वस्थ होऊन माळ ओढू लागले. मग सईद मागे गेला आणि दुडक्या चालीने आला. ओठ हलत होते. घोड्याने कान पुढे केले. उडी फार उंच नव्हती, पण घाबरलेली नव्हती. उतरताना मान खाली, मोकळी. पुढचे कुंपण त्याहून बरे. पुढच्याला तो पुन्हा बिचकला आणि थांबला. सईदने त्याला मारले नाही. पुन्हा चालवत मागे नेले.

"अब बोलो," हाजी म्हणाले.

मला जे वाटले ते मी सांगितले. शारजाचा तांबडा घोडा आज सगळ्यांत सरस आहे आणि पुढच्या हिवाळ्यातही त्याला हरवणे अवघड जाईल. बर्कमध्ये त्याच्याएवढीच ताकद आहे. हाच स्वार राहिला, दोघांनी उन्हाळा एकत्र काढला, आणि उजव्या वळणाचा सराव झाला तर बर्क त्याच्या खांद्याला खांदा लावून धावेल. फुजैराला बर्क न्यावा. दुसरी जागा हाजींच्याच तबेल्यात पाहिलेल्या एका तरुण काळ्या घोड्याला द्यावी. तो येत्या हिवाळ्यात नाही, पण त्यापुढच्या वर्षी चमकेल. रीमने पुन्हा उडी मारू नये.

शेवटचे वाक्य बोलताना मी खलफान यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी स्वतःच ते मोठ्याने अरबीत सगळ्यांना सांगितले, आणि का ते सांगितले. लपवले असते तर कुणाला कळले नसते. घोडीला अजून मागणी होती. जमलेल्या लोकांत एक हळहळ उठली आणि हाजी मुराद पुढे होऊन खलफान यांचा हात हातात घेऊन उभे राहिले.

परतीच्या दिवशी धक्क्यावर परकार, हलीमाभाभी आणि खलफान आले होते. भाभींनी सुक्या बांगड्यांची पुडी बांधून दिली आणि ती बोटीवर उघडू नका म्हणून बजावले. खलफान यांनी खजुराची करंडी आणली होती. मी रीमची चौकशी केली.

"दवा डालते हैं. अच्छा है," ते म्हणाले. मग थोडे थांबून, हसू की नको अशा चेहऱ्याने म्हणाले, "माँ ने अपना खाट उधर डाला. राइट साइड में. बोलती है, उधर से कोई आवाज़ होना चाहिए."

पडावाने काठ सोडला. मनोरे लहान होत गेले आणि शेवटी पुन्हा ती पिवळी रेघ तेवढी राहिली. बोटीच्या शिडीवर या वेळी साडी अडकली नाही.

पुण्यात परतल्यावर घोड्यांच्या दुनियेतले लोक भेटतात आणि विचारतात, तिकडे काय पाहिलंत, पुढच्या हंगामात कोण? मी तांबडा आणि कुमाईत अशी दोन नावे सांगते, कारणे सांगते. ते समाधानाने मान डोलावतात. आमच्या धंद्यात वाईट बातमी सांगणे रोजचेच. सांगायची, पेटी बंद करायची आणि निघायचे. ज्याला सांगितली त्याच्याच ताटावर बसून, त्याच्याच आईने निवडलेला घास खाण्याची वेळ माझ्यावर पूर्वी कधी आली नव्हती. त्या जेवणानंतर मला इथले काही तबेले फार घाईचे वाटू लागले आहेत. मी स्वतःही.

हिवाळ्यात शर्यत होईल. निकाल परकार कळवतीलच, आणि सईद जिंकला तर मला मनापासून आनंद होईल. पण त्याआधी तिकडचा उन्हाळा यायचा आहे, वाळू उडायची आहे. तो सरल्यावर परकारांना मी पहिल्यांदा विचारणार आहे ते एवढेच, की रीमचा डावा डोळा कसा आहे.